विश्लेषण : केमोथेरपीत पुरुषांची प्रजननक्षमता अँटिऑक्सिडंट गोळ्या वाचवतात का?

केमोथेरपी सुरू असताना एका अविवाहित तरुणाने मुंबईतील एका केंद्रात आपले वीर्य गोठवून ठेवले होते. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याचे निधन झाले. आपल्या मृत्यूनंतर नमुना नष्ट करावा, असे त्याने संमतीपत्रात लिहून दिले होते. नमुना आपल्याला मिळावा यासाठी त्याची आई मुंबई उच्च न्यायालयात गेली. याचिकेचा निकाल लागण्याआधीच नमुना नष्ट झाला तर याचिकेलाच अर्थ उरणार नाही, हे लक्षात घेऊन न्यायालयाने जून २०२५ च्या अखेरीस तो जपून ठेवण्याचा अंतरिम आदेश दिला. चर्चा झाली ती मृत्यूनंतरच्या हक्काची. या प्रकरणातील दुसरी बाब मात्र मागे राहिली. कर्करोगाशी झुंजणाऱ्या तरुणाला आपण पुढे बाप होऊ शकू का, हा प्रश्न उपचाराच्या काळातच विचारावा लागतो. त्याचे उत्तर अनेक घरांत औषधाच्या दुकानातील अँटिऑक्सिडंटच्या डबीत शोधले जाते. त्या डबीत खरोखर काही आहे का?

केमोथेरपीमुळे पुरुषाच्या प्रजननक्षमतेला धोका का?

केमोथेरपीची औषधे वेगाने विभाजित होणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशा असतात, केसांच्या मुळांतील आणि तोंडाच्या अस्तरातील पेशीही तशाच असतात. वृषणात शुक्राणू तयार करणाऱ्या मूळ पेशींचे काम तर वयात आल्यापासून अखंड चालू असते. एक शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्याच्या अवस्थेला यायला साधारण अडीच ते तीन महिने लागतात. त्यामुळे केमो सुरू झाल्यावर काही आठवड्यांत शुक्राणूंची संख्या घटू लागते आणि अनेकांत ती काही काळ शून्यावर येते.

पुढे काय होणार, हे मूळ पेशी वाचल्या की नाहीत यावर ठरते. त्या शिल्लक राहिल्या तर निर्मिती पुन्हा सुरू होते, नष्ट झाल्या तर वंध्यत्व कायमचे असू शकते. सर्वाधिक धोका सायक्लोफॉस्फमाइड, आयफॉस्फमाइड, प्रोकार्बाझिन, बुसल्फान यांसारख्या ‘अल्किलेटिंग’ गटातील औषधांचा. ही औषधे थेट डीएनएच्या साखळीला चिकटून तिचे धागे एकमेकांत गुंतवतात. धोका एकूण मात्रेवरही अवलंबून असतो. हॉजकिन लिम्फोमासाठी आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ‘एबीव्हीडी’ या उपचारात कायमच्या वंध्यत्वाचा धोका कमी, तर त्याच आजारासाठी पूर्वी दिल्या जाणाऱ्या ‘मॉप’ उपचारात बराच जास्त होता. म्हणजे ‘केमो घेतली की मूल होत नाही’ हेही खरे नाही आणि ‘काही होत नाही’ हेही नाही.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. टेस्टोस्टेरॉन तयार करणाऱ्या पेशी शुक्राणूंच्या मूळ पेशींपेक्षा बऱ्याच चिवट असतात. त्यामुळे शुक्राणू शून्यावर आलेल्या पुरुषाची लैंगिक क्षमता, दाढी-मिशा, आवाज बहुधा पूर्वीसारखेच राहतात. ‘सगळे ठीक वाटते आहे’ यावरून प्रजननक्षमतेचा अंदाज बांधता येत नाही. त्यासाठी वीर्यतपासणीच करावी लागते.

यात अँटिऑक्सिडंटचा संबंध कुठे येतो?

काही केमो औषधांमुळे शरीरात ऑक्सिजनचे अतिक्रियाशील कण, म्हणजे ‘फ्री रॅडिकल्स’, वाढतात. शुक्राणू त्यांच्यापुढे फारच दुबळा असतो. त्याच्या आवरणात लवकर खराब होणारी असंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात आणि शेपटीसह सगळा देह हलका ठेवण्यासाठी त्याने पेशीद्रव जवळजवळ टाकून दिलेले असते. त्या पेशीद्रवाबरोबर बचाव करणारी विकरेही जातात. साठवणीतले तेल खवट होते तशीच रासायनिक क्रिया शुक्राणूच्या आवरणावर होते. मग फ्री रॅडिकल्सना निष्प्रभ करणारे पदार्थ बाहेरून दिले तर नुकसान टळेल, असा हा तर्क आहे.

क आणि ई जीवनसत्त्व, सेलेनियम, झिंक, कोएन्झाइम क्यू-१०, एल-कार्निटिन, मेलाटोनिन, हळदीतील कर्क्युमिन, टोमॅटोतील लायकोपिन, द्राक्षाच्या सालीतील रेझव्हेराट्रॉल अशा अनेक पदार्थांवर प्रयोग झाले आहेत. उंदरांना सायक्लोफॉस्फमाइड, सिस्प्लॅटिन किंवा डॉक्सोरुबिसिन देऊन सोबत अँटिऑक्सिडंट दिले, तर न दिलेल्या उंदरांपेक्षा शुक्राणूंची संख्या आणि हालचाल बरी राहते, वृषणाच्या ऊतींची हानी कमी दिसते, असे निष्कर्ष वारंवार आले आहेत. जाहिरातींत ‘संशोधनाने सिद्ध’ असे छापले जाते तेव्हा बहुतेकदा संदर्भ या प्रयोगांचा असतो.

उंदरांवरचे निष्कर्ष माणसाला का लागू करता येत नाहीत?

पहिले कारण, या प्रयोगांतील बहुतेक उंदीर निरोगी असतात, त्यांना कर्करोगच नसतो. त्यामुळे अँटिऑक्सिडंटने वृषण वाचवताना गाठीलाही वाचवले का, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तिथे विचारलाच जात नाही. दुसरे, अँटिऑक्सिडंट अनेकदा केमोच्या आधीपासून आणि शरीराच्या वजनाच्या मानाने मोठ्या मात्रेत दिले जाते. तिसरे, प्रयोग काही आठवड्यांत संपतो. माणसाच्या बाबतीत प्रश्न पाच-दहा वर्षांनी मूल होईल का, हा असतो.

चौथे कारण जैविक आहे. फ्री रॅडिकल्स हा हानीचा एक मार्ग झाला. अल्किलेटिंग औषधे डीएनएला थेट चिकटतात, त्यासाठी त्यांना फ्री रॅडिकल्सची मदत लागत नाही. म्हणजे ज्या औषधांपासून सर्वाधिक धोका आहे, त्यांच्याच मुख्य घावावर अँटिऑक्सिडंटचा उपाय चालण्याची शक्यता कमी.

माणसांवरील चाचण्या काय सांगतात?

केमो घेणाऱ्या पुरुषांची प्रजननक्षमता अँटिऑक्सिडंटने वाचते, असे दाखवणारी मोठी आणि काटेकोर चाचणी आजपर्यंत पुढे आलेली नाही. कर्करोग नसलेल्या, मूल होण्यात अडचण असलेल्या पुरुषांवर मात्र चांगल्या चाचण्या झाल्या आहेत. अमेरिकेत २,३७० जोडप्यांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पुरुषांना सहा महिने फॉलिक अॅसिड आणि झिंक किंवा दिसायला तशीच निष्क्रिय गोळी दिली गेली. मूल जन्माला येण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच, ३४ आणि ३५ टक्के होते. उलट गोळी घेणाऱ्यांत शुक्राणूंच्या डीएनएचे तुकडे होण्याचे प्रमाण किंचित जास्त आढळले आणि पोटाच्या तक्रारीही वाढल्या. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या १७१ पुरुषांवरील ‘मोक्सी’ या चाचणीत क, ई, ड जीवनसत्त्वे, सेलेनियम, झिंक, फॉलिक अॅसिड, एल-कार्निटिन, लायकोपिन यांचे मिश्रण देऊनही वीर्याच्या दर्जात सुधारणा दिसली नाही. काही छोट्या चाचण्यांत फायदा दिसला आहे, पण त्या पुराव्याचा दर्जा कमी असल्याचे आढावा घेणाऱ्या तज्ज्ञांनी नोंदवले आहे.

मग गोळ्यांनी फायदा झाला असे सांगणारे लोक खोटे बोलतात का? तसे नाही. वृषणाच्या कर्करोगासाठी सिस्प्लॅटिनयुक्त केमो घेतलेल्या पुरुषांच्या १९९७ मधील एका अभ्यासात दोन वर्षांत जवळपास निम्म्यांची आणि पाच वर्षांत सुमारे ८० टक्के पुरुषांची शुक्राणूनिर्मिती परत सुरू झाली होती. हे शरीराने आपणहून केलेले काम होते. त्या काळात जो कोणी जी गोळी घेत असेल, तिला श्रेय जाते. तुलनेसाठी गोळी न घेतलेला गट नसेल, तर हा फरक कळण्याचा मार्गच नसतो.

फायदा नसला तरी घ्यायला काय हरकत आहे?

हरकत आहे, ती कर्करोगाच्या उपचारासंबंधी. काही केमो औषधे आणि विकिरणोपचार कर्करोगाच्या पेशी मारण्यासाठी काही प्रमाणात फ्री रॅडिकल्सच वापरतात. अँटिऑक्सिडंटने त्यांना निष्प्रभ केले, तर कवच वृषणालाही मिळेल आणि गाठीलाही. गोळीला दोघांतला फरक कळत नाही.

ही भीती केवळ कागदावरची नाही. कॅनडात डोके व मानेच्या कर्करोगाच्या ५४० रुग्णांना विकिरणोपचाराबरोबर ई जीवनसत्त्व आणि बीटा कॅरोटिन देण्याची चाचणी झाली. उपचाराचे तीव्र दुष्परिणाम कमी झाले, पण त्याच जागी कर्करोग परतण्याचे प्रमाण वाढल्याचे संकेत मिळाले. नंतरच्या पाहणीत ई जीवनसत्त्व घेणाऱ्या गटात मृत्यूंचे प्रमाण जास्त आढळले. तोंडाचा कर्करोग हा भारतीय पुरुषांमधील सर्वाधिक आढळणाऱ्या कर्करोगांपैकी एक असल्याने हा निष्कर्ष आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. स्तनाच्या कर्करोगाच्या १,१३४ रुग्ण महिलांच्या २०२० मधील अमेरिकी अभ्यासात केमोच्या आधी आणि केमो चालू असताना अँटिऑक्सिडंट घेणाऱ्यांत आजार परतण्याचे प्रमाण जास्त दिसले. तो फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम नव्हता, पण दिशा काळजीची होती.

‘हे तर आयुर्वेदिक आहे’ हा युक्तिवादही सरसकट टिकत नाही. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचे मुंबईतील डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. वाद कसाही असो, केमोच्या रुग्णासाठी मुद्दा सरळ आहे. सायक्लोफॉस्फमाइडसारखे औषध यकृतातच सक्रिय होते. यकृत बिघडले तर केमोची मात्रा कमी करावी लागते किंवा पुढे ढकलावी लागते.

हे सारे गोळ्या, पावडरी आणि अर्कांबद्दल आहे. रोजच्या जेवणातील फळे, भाज्या, आवळा किंवा टोमॅटो यांच्यावर ही शंका नाही.

टाटा रुग्णालयाची ‘शंभर रुपयांची गोळी’ वेगळी आहे का?

फेब्रुवारी २०२४ मध्ये टाटा मेमोरियल केंद्राच्या एका घोषणेने देशभर चर्चा झाली. केंद्राच्या खारघर येथील ‘अॅक्ट्रेक’ संस्थेत डॉ. इंद्रनील मित्रा यांच्या गटाने रेझव्हेराट्रॉल आणि तांबे यांच्या मिश्रणावर संशोधन केले आहे. या गोळीची किंमत सुमारे १०० रुपये असेल, केमोचे दुष्परिणाम सुमारे ५० टक्क्यांनी आणि कर्करोग परतण्याची शक्यता सुमारे ३० टक्क्यांनी कमी होईल, असे तेव्हा सांगण्यात आले. कर्करोग परतण्याबाबतच्या दाव्याला माणसांवरील पुरेसा पुरावा नाही, अशी टीका अनेक तज्ज्ञांनी केली.

या प्रकरणात एक गंमत आहे. रेझव्हेराट्रॉल एकटे असताना अँटिऑक्सिडंट म्हणून विकले जाते. तांब्याबरोबर मात्र ते उलट काम करते, म्हणजे फ्री रॅडिकल्स तयार करते. मरणाऱ्या पेशींतून बाहेर पडलेले गुणसूत्रांचे कण शेजारच्या निरोगी पेशींना इजा करतात आणि हे फ्री रॅडिकल्स त्या कणांचा नाश करतात, असा या गटाचा सिद्धान्त आहे. मल्टिपल मायलोमाच्या २५ रुग्णांवरील छोट्या चाचणीत तोंडातील तीव्र व्रण कमी झाल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. पुरुषांची प्रजननक्षमता वाचते, असे त्या चाचणीने दाखवलेले नाही. त्यामुळे ‘टाटानेही सांगितले आहे’ असे म्हणून द्राक्षाच्या अर्काची गोळी कुणी हातात ठेवली, तर ती त्या संशोधनातील गोळी नव्हे आणि तिचे कामही ते नव्हे.

डबीवरचे दावे कोण तपासते?

अशा बहुतेक गोळ्या औषध म्हणून विकल्या जात नाहीत. त्या ‘न्यूट्रास्युटिकल’ किंवा आरोग्यपूरक म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाचे नियम लागू होतात. नव्या औषधाला बाजारात येण्याआधी रुग्णांवरील चाचण्यांतून परिणाम सिद्ध करावा लागतो, तशी अट या उत्पादनांना नाही. म्हणूनच डबीवर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना बंधनकारक आहे. कर्करोग बरा करण्याचा दावा करणाऱ्या जाहिरातींना तर १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्यानेच मनाई आहे. अंधेरी असो की घाटकोपर, दुकानात ही डबी औषधांच्याच फळीवर असते आणि ती बारीक अक्षरांतील सूचना सहसा कुणी वाचत नाही.

दुष्परिणामांपासून वाचवणारी खरी औषधे नाहीत असे नाही. सायक्लोफॉस्फमाइड आणि आयफॉस्फमाइडमुळे मूत्राशयाला होणारी इजा टाळण्यासाठी मेस्ना देतात. डॉक्सोरुबिसिनपासून हृदयाला वाचवण्यासाठी ठरावीक रुग्णांत डेक्सराझोक्सेन वापरतात. ही औषधे चाचण्यांतून गेली आहेत. शुक्राणूंसाठी तसे एकही औषध आज उपलब्ध नाही. संप्रेरके देऊन वृषणाला ‘झोपवून’ ठेवण्याचा उपायही पुरुषांत अपयशी ठरला आहे.

मग खात्रीचा उपाय कोणता?

पहिल्या केमोच्या आधी वीर्य गोठवणे. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांची संघटना ‘अॅस्को’ हिच्या मार्गदर्शक सूचनांत पुरुषांसाठी हाच सिद्ध उपाय मानला आहे आणि उपचाराआधी रुग्णाशी त्याबद्दल बोलावे असे म्हटले आहे. तंत्र जुने आहे. गोठवलेल्या शुक्राणूंपासून पहिल्या गर्भधारणांची नोंद १९५३ ची. नमुना द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंश सेल्सिअसला ठेवला जातो. बीजांडात एकच शुक्राणू सोडण्याच्या ‘इक्सी’ तंत्रामुळे आज मोजके शुक्राणूही पुरतात. त्यामुळे आजारामुळे संख्या आधीच घटलेली असली, तरी एखादा नमुना गोठवणे उपयोगाचे ठरते.

दोन-तीन नमुने एक-दोन दिवसांच्या अंतराने दिले तरी आठवड्याच्या आत काम होते. बहुतेक रुग्णांना उपचार न लांबवता एवढी सवड मिळते. केमो सुरू झाल्यावर मात्र नमुना घेण्यात धोका असतो, कारण त्या काळातील शुक्राणूंच्या डीएनएला इजा झालेली असू शकते. याच कारणासाठी केमोच्या काळात आणि त्यानंतरही किमान सहा महिने ते वर्षभर गर्भनिरोधक वापरण्याचा सल्ला दिला जातो.

उपनगरांतील रुग्णांसाठी एक व्यावहारिक मुद्दा. नमुना घरी घेतला, तर तो साधारण तासाभरात, फार थंड किंवा गरम न होऊ देता प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. बोरिवली किंवा मुलुंडहून परळपर्यंत गर्दीच्या वेळी हे अवघड आहे. त्यामुळे उपचार परळला असले, तरी गोठवण्यासाठी घराजवळचे नोंदणीकृत केंद्र निवडणे किंवा केंद्रातच नमुना देणे सोयीचे.

वयात न आलेल्या मुलांमध्ये शुक्राणूच नसल्याने हा मार्ग बंद असतो. वृषणाचा तुकडा गोठवण्याचे काम त्यांच्यासाठी अजून प्रायोगिक पातळीवर आहे. ज्यांनी आधी काहीच गोठवले नाही, त्यांचीही आशा पूर्ण संपत नाही. केमोनंतर वीर्यात शुक्राणू नसलेल्या पुरुषांच्या वृषणातून सूक्ष्म शस्त्रक्रियेने शुक्राणू शोधण्यात एका अमेरिकी केंद्राला सुमारे ३७ टक्के रुग्णांत यश आले होते.

कायदा आणि खर्चाचे काय?

सहाय्यक पुनरुत्पादन तंत्रज्ञान कायदा २०२१ नुसार केंद्रांची नोंदणी बंधनकारक आहे. या तंत्राचा लाभ घेण्यासाठी पुरुषाचे वय २१ पेक्षा जास्त आणि ५५ पेक्षा कमी असावे लागते. दात्याचे बीज आणि भ्रूण यांच्या साठवणीला कायद्यात १० वर्षांची मर्यादा आहे. विशीतल्या रुग्णाने आपला नमुना किती काळ आणि कोणत्या अटींवर राहील, हे केंद्राकडून लेखी घ्यावे.

संमतीपत्र हा उपचारचा सोपस्कार नव्हे. दिल्ली उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कर्करोगाने मरण पावलेल्या मुलाचा गोठवलेला नमुना त्याच्या आई-वडिलांना देण्याचा आदेश दिला. शुक्राणू ज्याचे, त्याची संमती दाखवता आली तर मृत्यूनंतरच्या अशा वापराला कायद्याची मनाई नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुंबईतील प्रकरणात मुलाने लेखी उलट सांगितले होते, तेही घरच्यांशी न बोलता, असे आईचे म्हणणे आहे. दोन्ही प्रकरणांत त्या कागदावर काय लिहिले आहे, यालाच महत्त्व आले.

खर्चाची बाजू दुबळी आहे. केमोथेरपी सरकारी आरोग्य योजनांत बसते, पण प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतून प्रजननविषयक उपचार वगळलेले आहेत. गोठवण्याचे आणि दरवर्षीच्या साठवणुकीचे पैसे कुटुंबालाच भरावे लागतात. उपचारानेच बाळाची शक्यता हिरावली जात असेल, तर ती जपणे हाही उपचाराचा भाग मानायला हवा. धोरणात हा बदल झाल्याशिवाय हा पर्याय ऐपत असलेल्यांपुरताच राहील.

डॉक्टरांना काय विचारावे?

पहिल्या केमोची तारीख ठरण्याआधी चार प्रश्न पुरेत. माझ्या औषधांत अल्किलेटिंग औषध आहे का आणि एकूण मात्रा किती होणार? नमुना गोठवण्यासाठी किती दिवस मिळतील? मी घेत असलेल्या गोळ्या, पावडरी, काढे यांतले काय थांबवावे? आणि उपचार संपल्यावर वीर्यतपासणी कधी करावी?

हे प्रश्न अनेकदा विचारले जात नाहीत, कारण खोलीत आई-वडील असतात, मुलगा अविवाहित असतो आणि विषय संकोचाचा असतो. अशा वेळी डॉक्टरांशी पाच मिनिटे एकट्याने बोलायचे आहे, असे रुग्णाने सरळ सांगावे. डबी विकत घेताना कुणाशी अवघड बोलावे लागत नाही, हेच तिच्या खपाचे एक मोठे कारण आहे. मात्र पहिली केमो झाली की त्या काही दिवसांची संधी पुन्हा मिळत नाही.